जुन्या तिकिटाचे मोल

जुने ते सोने ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिच्यावर विसंबून फसलेली माणसेही थोडीथोडकी नाहीत. टपालाच्या तिकिटांच्या बाबतीत तर ही म्हण फारच जपून वापरावी लागते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे एखादे युरोपीय तिकीट आजोबांच्या पेटीत सापडले, की घरातली मंडळी आधी त्याच्या वयाचा हिशेब करतात आणि मग त्या वयाला मनातल्या मनात रुपयांनी गुणतात. हा गुणाकार कोठे चुकतो, आणि जुने तिकीट हाती आले असता ते ओळखावे कसे व त्याचे मोल ठरवावे कसे, हे आज मला सांगावयाचे आहे.

मी व्यवसायाने सरकारी नोकर. दिवसभर इतरांच्या कागदपत्रांची छाननी करावयाची, आणि संध्याकाळी विरंगुळा म्हणून जुनी तिकिटे भिंगाखाली धरावयाची, असा माझा गेल्या वीस वर्षांचा क्रम आहे. या छंदाची वार्ता शेजारीपाजारी पसरलेली असल्यामुळे अधूनमधून कोणीतरी एखादे पाकीट घेऊन येते. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकू अशाच आल्या. त्यांच्या हातात पानाचा पितळी डबा होता, डब्यात पातळ कागदाची घडी, आणि घडीत एकच लाल तिकीट. त्यांच्या यजमानांनी चाळीस वर्षांपूर्वी कोणा फिरत्या विक्रेत्याकडून ते घेतले होते आणि त्यासाठी एका महिन्याचा निम्मा पगार मोजला होता. "कधी अडचण आली तर हे विका, असं हे सांगून गेले आहेत," काकू म्हणाल्या. "भाऊ, आता अडचण आली आहे. नातवाला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला आहे. फी भरायला पंधरा दिवस आहेत. एवढं बघून द्या."

मी कागद उलगडला. त्यावर काकांच्या सुवाच्य अक्षरांत एकच ओळ होती : "पेनी रेड, प्लेट ७७." ती वाचून मी दचकलो. का दचकलो, हे कळण्यासाठी तिकिटाची ओळख पटविण्याचा मार्ग पायरीपायरीने चढून जावे लागेल.

पहिला प्रश्न देशाचा. काकूंच्या तिकिटावर एका तरुण राणीचा मुखवटा होता, वर 'टपाल' या अर्थाचा इंग्रजी शब्द होता आणि खाली 'एक पेनी' ही किंमत होती. देशाचे नाव कोठेही नव्हते. युरोपातील तिकिटावर नाव नसेल तर प्रथम ब्रिटनची आठवण करावी. चिकटवावयाचे टपाल तिकीट जगात पहिल्याने काढले ते ब्रिटनने. त्या वेळी दुसऱ्या कोणाचे तिकीटच नसल्यामुळे आपले नाव घालण्याची गरज त्या देशाला वाटली नाही. राजमुखवटा हीच ओळख, हा प्रघात तेथे आजही चालू आहे. इतर देशांची नावे असतात, परंतु ती आपल्या परिचयाची असतातच असे नाही. 'हेल्व्हेशिया' म्हणजे स्वित्झर्लंड. चार भाषा बोलणाऱ्या त्या देशाने कोणत्याही एका भाषेचा पक्ष न घेता लॅटिन नाव पत्करले. 'माग्यार' म्हणजे हंगेरी, 'स्वेरिये' म्हणजे स्वीडन, 'सुओमी' म्हणजे फिनलंड. ग्रीस आपले 'हेलास' हे नाव ग्रीक लिपीत लिहितो. कित्येकदा नावही नसते आणि नाण्यावरूनच राज्य ओळखावे लागते. ऑस्ट्रियाच्या १८५० सालच्या पहिल्या तिकिटांवर राजचिन्ह आहे, देशाचे नाव नाही. त्यावर 'क्रॉइत्सर' हे नाणे असेल तर तिकीट ऑस्ट्रियाचे. तेच चित्र, तीच घडण, पण नाणे 'चेंतेसिमी' असेल, तर ते ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या लोंबार्डी व व्हेनिस या इटालियन प्रांतांचे.

दुसरा प्रश्न काळाचा. यासाठी थोड्या इतिहासाची गरज आहे. पूर्वी ब्रिटनमध्ये पत्राचा आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यावयाचा असे. रोलंड हिल या गृहस्थाने १८३७ साली एक पुस्तिका लिहून ही पद्धत मोडून काढण्याची सूचना केली. देशात कोठेही जाणाऱ्या अर्ध्या औंसाच्या पत्राला एकच पेनी घ्यावी आणि ती पाठविणाऱ्याने आधी भरावी, असे त्याचे सूत्र होते. पैसे भरल्याची पावती म्हणून जो चिटोरा पत्राला डकवावयाचा, तेच आपले तिकीट. १ मे १८४० रोजी ते विक्रीस आले आणि ६ मेपासून वापरात आले. त्याचा रंग काळा होता, म्हणून त्याला 'पेनी ब्लॅक' म्हणतात. त्यावरील व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा विल्यम वायन याने घडविलेल्या पदकावरून घेतलेला होता. राणी पुढे ८१ वर्षांची होऊन १९०१ साली वारली, परंतु ब्रिटनच्या टपाल तिकिटांवर तिने आपले तारुण्य अखेरपर्यंत टिकविले. तेव्हा राणीच्या चेहऱ्यावरून तिकिटाचे वय काढू पाहणारा मनुष्य फसलाच म्हणून समजावे.

वय काढावयाचे ते बारीक खुणांवरून. काळ्या तिकिटावर तांबडा शिक्का मारीत असत. ती तांबडी शाई पुसता येते असे आढळल्यामुळे १८४१ साली उलटापालट करण्यात आली. तिकीट तांबडे झाले आणि शिक्का काळा. या आरंभीच्या तिकिटांना कडेची छिद्रे नसत. टपाल कारकून कात्रीने ती कापून देई. छिद्रांची सोय ब्रिटनमध्ये १८५४ साली सार्वत्रिक होऊ लागली. म्हणून कडा सरळ कापलेल्या आहेत की दातेरी आहेत, हे पाहिले म्हणजे काळाची एक सीमा हाती लागते. मात्र दाते कात्रीने छाटून तिकीट अधिक जुने भासविणारेही असतात, हे ध्यानात ठेवावे. दाते मोजण्यासाठी एक छोटी पट्टी मिळते. दोन सेंटिमीटर लांबीत किती छिद्रे बसतात, तो त्या तिकिटाचा छिद्रांक. काकूंच्या तिकिटाचा छिद्रांक १४ भरला.

त्यानंतर जलचिन्ह. कागद तयार होतानाच त्यात उमटविलेली ही खूण साध्या नजरेला सहसा दिसत नाही. काळ्या बशीत तिकीट पालथे ठेवून त्यावर बेंझिनचे दोन थेंब टाकले, की ती क्षणभर स्पष्ट होते. अर्थात हे काम दिव्यापासून आणि काडेपेटीपासून दूर करावे, आणि अलीकडच्या काळातील तिकिटांवर करूच नये, कारण काही शाया बेंझिनने बिघडतात. आमच्या बशीत मोठा राजमुकुट उमटला. त्यासरशी १८५५ पूर्वीचा काळ बाद झाला.

चौथी खूण अक्षरांची. त्या काळचा ताव २४० तिकिटांचा असे. आडव्या ओळीत बारा आणि अशा वीस ओळी. बारा पेनींचा एक शिलिंग आणि २४० पेनींचा एक पौंड, असा हा सरळ हिशेब होता. प्रत्येक तिकिटाच्या कोपऱ्यांत त्याची तावातील जागा दाखविणारी अक्षरे असत. आरंभी ती खालच्या दोन कोपऱ्यांत होती. पुढे चारही कोपऱ्यांत आली, आणि खालच्या जोडीचीच उलटापालट वर दिसू लागली. खाली 'डी-के' असेल तर वर 'के-डी'. दोन वापरलेल्या तिकिटांचे शिक्का न लागलेले भाग जोडून एक नवे तिकीट बनविणाऱ्या चतुर मंडळींचा बंदोबस्त करण्यासाठी ही योजना होती. काकूंच्या तिकिटाच्या चारही कोपऱ्यांत अक्षरे होती आणि ती एकमेकांशी जुळत होती. म्हणजे हे १८६४ पासून १८७९ पर्यंत वापरात असलेल्या मालिकेतील तिकीट ठरले.

आता माझ्या दचकण्याचे कारण सांगतो. या मालिकेतील प्रत्येक तिकिटाच्या डाव्या व उजव्या कडेच्या जाळीदार नक्षीत एक चिमुकला आकडा दडलेला असतो. ज्या धातूच्या पत्र्यावरून ते तिकीट छापले, त्या पत्र्याचा, म्हणजे प्लेटचा, तो क्रमांक. ७१ पासून २२५ पर्यंतचे हे क्रमांक आहेत. त्यांपैकी ७५, ७७, १२६ आणि १२८ हे पत्रे छपाईच्या कामी लावलेच गेले नाहीत. ७७ क्रमांकाच्या पत्र्यावरील ठसे नीट जागेवर बसलेले नव्हते. छापलेल्या तावाची छिद्रे वाकडीतिकडी पडली असती, म्हणून तो पत्रा रद्द करण्यात आला. परंतु रद्द होण्यापूर्वी त्यावरून घेतलेले थोडे ताव कसे कोण जाणे लोकांच्या हाती गेले. त्यांपैकी आज माहीत असलेली तिकिटे जेमतेम दहाच्या आसपास आहेत. एक लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील टॅपलिंग संग्रहात आहे. खाजगी बाजारात यांतील एखादे आलेच, तर त्याचा भाव लाखो पौंडांत जातो. पानाच्या डब्यातील तो कागद खरे बोलत असेल, तर काकूंच्या नातवाचेच काय, साऱ्या आळीतील मुलांचे शिक्षण त्यातून झाले असते.

येथे किमतीचे गणित समजून घेतले पाहिजे. पेनी ब्लॅक हे जगातील पहिले तिकीट. त्याच्याहून जुने चिकटवावयाचे टपाल तिकीट कोठून आणणार? तरीही ते दुर्मिळ नाही. त्याच्या सुमारे ६ कोटी ८८ लाख प्रती छापल्या गेल्या. शिवाय त्या काळी स्वतंत्र पाकिटाची चाल फारशी नव्हती. पत्राचाच कागद दुमडून त्यावर तिकीट लावीत, आणि व्यापारी व वकील अशी पत्रे दप्तरात जपून ठेवीत. पत्रांबरोबर तिकिटेही टिकली. म्हणून आज साधारण स्थितीतील पेनी ब्लॅक हौशी मनुष्याच्या आवाक्यात असते, आणि त्याच्याहून चोवीस वर्षांनी धाकट्या असलेल्या प्लेट ७७ साठी मात्र धनिक एकमेकांशी स्पर्धा करतात. १८८१ साली निघालेल्या जांभळ्या पेनी तिकिटाच्या तर ३,३०० कोटींहून अधिक प्रती निघाल्या. त्याला आज एक शतकाहून अधिक काळ लोटला, तरी साधी प्रत कवडीमोलानेच मिळते.

याच्या उलट टोकाला स्वीडनचे एक तिकीट आहे. १८५५ साली तेथे तीन स्किलिंगचे हिरवट तिकीट निघाले. त्यांपैकी एक, आठ स्किलिंगच्या तिकिटासाठी असलेल्या पिवळ्या रंगात छापले गेले. एका शाळकरी मुलाला ते आजीच्या घरातील जुन्या पत्रांत सापडले आणि त्याने ते सात क्रोनरला एका व्यापाऱ्यास विकले. त्याच्यासारखे दुसरे तिकीट आजवर पुढे आलेले नाही. १९९६ साली झुरिच येथील लिलावात त्याला २८ लाखांहून अधिक स्विस फ्रँक मिळाले. वय पाहिले तर त्याच मालिकेतील नेहमीच्या हिरवट तिकिटाएवढेच. फरक पडला तो संख्येचा आणि मागणीचा.

संख्या आणि मागणी यांच्या जोडीला तिसरी बाब स्थितीची. कात्रीने कापलेल्या तिकिटाला चारही बाजूंनी समास शिल्लक असेल तर एक किंमत, आणि कात्री एका बाजूने चित्रात शिरली असेल तर तिचा लहानसा अंश. दाते तुटलेले, मागचा कागद खरवडलेला, रंग उडालेला, शिक्क्याने चेहरा झाकलेला, या प्रत्येक दोषाबरोबर भाव उतरत जातो. स्टॅन्ली गिबन्स, मिशेल, इव्हेर यांसारख्या मोठ्या सूचींत जे भाव छापलेले असतात, ते निर्दोष प्रतींचे असतात, आणि बहुधा विक्रेत्याने ग्राहकाकडून अपेक्षिलेले असतात. आपण विकावयास गेलो, तर त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यानेही समाधान मानावे लागते. सूचीतील आकडा वाचून ज्यांनी मनात घर बांधले, त्यांना व्यापाऱ्याच्या दुकानात ते पाडावे लागते.

आणि चौथी बाब सर्वांत कठीण. ती खरेपणाची. एरवी न वापरलेले तिकीट महाग आणि वापरलेले स्वस्त असते. परंतु १९२३ सालच्या महागाईत जर्मनीने अब्जावधी मार्कांची जी तिकिटे काढली, त्यांत पुष्कळदा उलट दिसते. कोरी तिकिटे ढिगांनी उरली, आणि त्या थोड्या दिवसांत खरोखर पत्रावर वापरलेली मात्र थोडी. तेव्हा लबाडांनी तिकिटाला हात न लावता खोटे शिक्केच बनविले. याहून थोर कलावंत झां द स्पेराती. तो फ्रान्समधील एक्स-ले-बँ गावी राहत असे. एखादे स्वस्त, अस्सल तिकीट घेऊन त्यावरील चित्र रसायनाने उडवावे, कागद आणि शिक्का तसाच ठेवावा, आणि त्यावर महाग तिकिटाचे चित्र छापावे, अशी त्याची रीत होती. १९४२ साली त्याने परदेशी पाठविलेली तिकिटे फ्रेंच जकात अधिकाऱ्यांनी पकडली, आणि मौल्यवान वस्तू चोरून बाहेर पाठविल्याचा आरोप ठेवला. तज्ज्ञांनी ती तिकिटे अस्सल ठरविली. तेव्हा या खोट्या माल बनविणाऱ्यास आपला माल खोटा आहे हे पटवून देण्याची पाळी आली! पुढे १९५४ साली ब्रिटनमधील तिकीटसंग्राहकांच्या एका संस्थेने, पुढची फसवणूक टळावी म्हणून, त्याचा सारा साठाच विकत घेतला. कागद अस्सल आणि जलचिन्ह बरोबर, म्हणून तिकीट खरे, असा निष्कर्ष का काढू नये, याचा हा धडा आहे.

हा धडा आठवीत मी काकूंचे तिकीट पुन्हा भिंगाखाली घेतले. डाव्या कडेचा आकडा शिक्क्याच्या दाट शाईत बुडालेला होता. उजवीकडे मात्र ७७ स्वच्छ वाचता येत होते, आणि तो स्वच्छपणाच मला खटकला. बेंझिनच्या बशीत जलचिन्हाबरोबर आणखी एक काळसर डाग उमटला होता, तो नेमका त्या आकड्याच्या शेजारी. कागद जेथे पातळ झालेला असतो तेथे असा डाग दिसतो. भिंगातून पाहता त्या जागी नक्षीच्या बारीक रेघा तुटलेल्या होत्या, आणि कोणीतरी लाल शाईने त्या पुन्हा ओढल्या होत्या. आता साक्ष उरली डाव्या बाजूची. ही तिकिटे खोदीव पत्र्यावरून छापलेली असल्यामुळे शाईची रेघ कागदावर किंचित उठून राहते. तिरप्या उजेडात तिकीट हळूहळू फिरविले, तेव्हा शिक्क्याच्या काळ्या शाईखालून तीन आकड्यांची चाहूल लागली. दोन सातांच्या आधी एक उभी रेघ होती. प्लेट १७७. उजवीकडचा एकचा आकडा कोणीतरी खरवडून काढला होता. शंभर रुपयांच्या आतबाहेरचे तिकीट, आणि खरवडल्यामुळे तेवढ्याही किमतीचे उरलेले नाही.

मी काकूंना भिंग दिले आणि जे दिसले ते दाखविले. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या संस्थेची तज्ज्ञसमिती अशा तिकिटांची परीक्षा करून दाखला देते. तेथे विचारता येईल, परंतु तिची फी या तिकिटाच्या किमतीच्या कित्येक पट होईल, हेही सांगितले. काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्यांनी निम्मा पगार घातला होता हो." थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "ह्यांना माहीत असेल का?" काकांचे अक्षर माझ्यासमोर होते. त्या ओळीत शंकेची एकही खूण नव्हती. मी म्हणालो, "नसावं. फसवणारा माणूस असा कागद इतका जपून ठेवत नाही."

या ठिकाणी एक कबुली देतो. मी शाळेत असताना एका नातलगाकडे लंडनहून आलेली फार जुनी पत्रे होती. मी ती मागून घेतली, कोमट पाण्यात भिजवली, तिकिटे सोडवून घेतली आणि पाकिटे फेकून दिली. टपालाचा मार्ग, तारीख, गावोगावचे शिक्के, पत्त्याचे अक्षर, हा तिकिटाच्या खरेपणाचा सारा पुरावा मी केराच्या टोपलीत टाकला. आज ती तिकिटे माझ्या संग्रहात आहेत. त्यांच्याविषयी मला काहीही सांगता येत नाही. म्हणून माझी विनंती अशी की, घरात जुने पत्र सापडले तर तिकीट उचकटू नये, कापू नये, पुसू नये. पाकिटासह, पत्रासह, कोरड्या जागी ठेवावे. चिमट्याने उचलावे. आणि विकण्याचा विचार मनात आला तर एकाच्या सांगण्यावर न जाता दोघातिघांना दाखवावे.

काकूंच्या गोष्टीचा शेवट सांगावयाचा राहिला. त्या तिकिटाच्या भरवशावर त्यांनी बँकेच्या शैक्षणिक कर्जासाठी अर्जच केला नव्हता. मुदतीला अजून दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नातवासह त्या बँकेत गेल्या. कर्ज मंजूर झाले आणि फी वेळेत भरली गेली. खोटी आशा आणखी पंधरा दिवस टिकली असती, तर ते वर्ष हातचे गेले असते. मूल्यांकनाचा अर्थ मला त्या दिवशी नव्याने समजला. वस्तूची किंमत वाढवून सांगणे किंवा पाडून सांगणे, ही दोन्ही व्यापाराची कामे आहेत. ती वस्तू काय आहे एवढे नेमके सांगणे हे परीक्षकाचे काम. पुढचे निर्णय मग माणसांना डोळे उघडे ठेवून घेता येतात.

जाण्यापूर्वी काकूंनी तो पातळ कागद माझ्यापुढे सरकविला. "खरं काय ते लिहून ठेवा. उद्या नातवाच्या मुलांनी पुन्हा फसायला नको." काकांच्या ओळीला धक्का न लावता मी तिच्याखाली पेन्सिलीने लिहिले : "तपासले. प्लेट १७७. उजवीकडील पहिला आकडा खरवडलेला." त्याखाली तारीख घातली आणि सही केली. काकूंनी कागदाची घडी केली, तिकीट आत ठेवले आणि डब्याचे झाकण लावले.